देव आहे का नाही, हे तर्कानं ठरते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावातल्या अभ्यासिकेत मी तलाठी, वनरक्षक, पोलीस भरतीच्या पोरापोरींचं रिझनिंग घेतो. विधान आणि अनुमान हा धडा काढला की देवाचा विषय निघतोच, कोणी मनापासून विचारते तर कोणी सरांना कोंडीत पकडायला, अन् मग तेच प्रश्न घरी जातात, पारावर जातात, भजन मंडळात जातात अन् फिरून माझ्याकडे येतात. म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवले. प्रश्न ज्यानं जसा विचारला तसाच ठेवला आहे.

देव हाय का नाही, ते लॉजिकनं एकदाचं सांगून टाका नं सर.

पूर्ण नाही सांगता येत. पण म्हणून तर्काचं इथं कामच नाही असं कोणी म्हटलं तर तेही मला पटत नाही, कारण तर्कानं बरंच काही ठरते. कोणता देव असूच शकत नाही ते ठरते, कोणता पुरावा हा पुरावाच नाही ते ठरते, कोणता बुवा फसवते ते ठरते, अन् तुम्ही एक गोष्ट मानली तर तिच्यासोबत आणखी काय काय मानणं भाग आहे हेही ठरते. अडते ते फक्त शेवटच्या ठिकाणी, की या सगळ्याच्या मागं कोणी आहे का. तिथं तुम्ही जे गृहीतक सोबत घेऊन आलात त्याच्याच भरवशावर तर्क पुढं जातो, अन् ते गृहीतक तर्कानं दिलेलं नसते.

पण पेपरमध्ये तर उत्तर पक्कं येते, मग इथं काहून नाही?

पेपरमध्ये विधानं खरी समजून चाला असं वरच लिहिलेलं असते म्हणून. सर्व बैल झाडं आहेत, सर्व झाडं उडतात, तर सर्व बैल उडतात का? होय, बरोबर उत्तर, पूर्ण मार्क. बैल काही उडत नाही, पण परीक्षकाला त्याच्याशी घेणं नाही, त्याला फक्त पायऱ्या बरोबर आहेत का ते पाहायचं असते. विधानं खरी आहेत का हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर बाहेरून आणावं लागते, डोळ्यानं पाहून, मोजून, कोणाला विचारून.

आता देवाचं घ्या. बनवलेल्या प्रत्येक वस्तूला बनवणारा असते, जग ही बनवलेली वस्तू आहे, म्हणून जगाला बनवणारा आहे. पायऱ्या एकदम बरोबर. पण सगळं भांडण दुसऱ्या विधानात दडलेलं आहे, जग बनवलेलं आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं? मानणारा ते आधीच मानून बसलेला असते अन् न मानणारा तिथंच हात वर करते.

अन् गंमत अशी की एकच तर्क दोन्ही बाजूंनी चालतो. एक म्हणते, देव असता तर लेकराला कॅन्सर झाला नसता, कॅन्सर झाला, म्हणून देव नाही. दुसरा म्हणते, देव आहे, तरी कॅन्सर झाला, म्हणजे 'देव असता तर झाला नसता' हेच विधान चूक, काहीतरी कारण असेल जे आपल्याला दिसत नाही. दोघांच्या पायऱ्या वहीत मांडून पाहा, एकाचीही चूक निघत नाही. फरक एवढाच की कोणतं विधान सोडायला कोण तयार आहे. माझं सगळं म्हणणं या एका जागेवर आहे, पुढची बहुतेक उत्तरं इथूनच निघतात.

आपल्या लोकांनी कधी देव सिद्ध करायचा प्रयत्न केला का, का नुसतं भजनच?

केला नं, अन् काय ताकदीनं केला! न्याय दर्शन म्हणजे आपल्याकडची तर्कावर भर देणारी जुनी विचारशाखा, त्यांचं तर सगळं कामच अनुमानावर. डोंगरावर आग आहे, कारण तिथं धूर दिसते, जिथं धूर तिथं आग, जशी चुलीत, अन् या डोंगरावर तसा धूर आहे, म्हणून आग आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशा पाच पायऱ्या. हीच पद्धत त्यांनी जगाला लावली, की मडकं हे कार्य, म्हणजे घडलेली वस्तू, आहे म्हणून त्याला कुंभार आहे, तसं पृथ्वी, डोंगर, अंकुर हेही कार्य आहे म्हणून त्यालाही कर्ता आहे, तोच ईश्वर. दहाव्या-अकराव्या शतकाच्या आसपास उदयनाचार्यांनी हा विषय सर्वात पक्का मांडला.

पण त्याच्याही आधी, सातव्या शतकाच्या सुमारास, बौद्ध पंडित धर्मकीर्तीनं यावर जे उत्तर दिलं ते आमच्याकडच्या कोणत्याही कास्तकाराला एका मिनिटात समजते. तो म्हणाला, मडकं मातीचं आहे अन् कुंभारानं केलं, म्हणून मातीचा आकार दिसला की कुंभार समजायचा असेल तर वारूळही कुंभारानंच केलं म्हणावं लागेल. धुऱ्यावरचं वारूळ पाहा, केवढं उंच, आत नळ्या, बाहेरून लिंपल्यासारखं, अन् कोणी कुंभार नाही. मडक्याला कुंभार लागतो हे आपण कुंभाराला करताना पाहिलं म्हणून माहीत आहे. डोंगर करताना कोणाला पाहिलं?

नैयायिक, म्हणजे हे न्याय दर्शनवाले, यावर गप्प बसले असं समजू नका, त्यांची उत्तरं आहेत, त्यावर पुन्हा प्रत्युत्तरं आहेत, कित्येक शतकं हे चाललं. मला स्वतःला जास्त महत्त्वाचं हे वाटते की ईश्वराचा हा पुरावा खोडणारे सगळे नास्तिक नव्हते. कुमारिल भट्ट वेदांचा कट्टर पुरस्कर्ता, पण जग निर्माण करणारा ईश्वर त्यांनी नाकारला, त्यांचा प्रश्न साधा होता की कर्त्याला शरीर नसेल तर तो करेल कसा आणि असेल तर ते शरीर कोणी केलं. रामानुजाचार्य तर विष्णूचे भक्त, तेही म्हणतात की अनुमानानं ईश्वर सिद्ध होत नाही, तो शास्त्रातूनच कळतो. शंकराचार्यांचंही तेच, नुसत्या तर्काला ठाव नाही, आज एका हुशार माणसानं उभा केलेला तर्क उद्या त्याच्याहून हुशार माणूस पाडते. म्हणजे देव मानणाऱ्या मोठमोठ्या आचार्यांनीच सांगून ठेवलं की हे काम तर्काचं नाही, अन् आपण मात्र पोराला म्हणतो की तू देवावर शंका घेते म्हणजे तू बिघडला.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं की कॉम्प्युटरनं देव सिद्ध केला. खरं का?

अर्धं खरं. कुर्ट गोडेल नावाचा फार मोठा गणितज्ञ होता, 1931 च्या त्याच्या प्रमेयांनी गणिताचा पायाच हलवला. त्यानं देवाच्या अस्तित्वाचा एक पुरावा तर्कशास्त्राच्या चिन्हांत लिहून ठेवला होता, 1970 मध्ये तो त्यानं दुसऱ्या तर्कशास्त्रज्ञाला दाखवला. त्याची मूळ कल्पना जुनी, 1078 च्या आसपासची, अ‍ॅन्सेल्म नावाच्या ख्रिस्ती साधूची, की ज्याच्याहून मोठं काही कल्पनेतही येत नाही तो देव, अन् असा देव नुसता कल्पनेत असेल तर प्रत्यक्षात असलेला त्याच्याहून मोठा होईल, म्हणून तो प्रत्यक्षात असलाच पाहिजे.

2013 मध्ये बेंझम्युलर आणि वोल्ट्सेनलोगेल पालेओ या दोन संशोधकांनी गोडेलचा पुरावा कॉम्प्युटरकडून तपासून घेतला. कॉम्प्युटरनं सांगितलं पायऱ्या बरोबर. बस, एवढंच. तेच बैल उडण्याचं प्रकरण, गृहीतकं खरी समजा मग निष्कर्ष येते. अन् व्हॉट्सअ‍ॅपवाल्यानं पुढचा भाग पाठवलाच नाही, तो असा की त्याच कॉम्प्युटरला गोडेलनं मुळात लिहिलेली गृहीतकं एकमेकांशी न जुळणारी सापडली, म्हणजे पुरावा चालला तो नंतर दुरुस्त केलेल्या रूपात. शिवाय त्या गृहीतकांतून असंही निघते की जगात जे जे घडलं ते ते तसंच घडणं भाग होतं, दुसरं काही होऊच शकत नव्हतं. हे कोणाला पटते? तुम्ही आज सकाळी चहा घेतला तो घेण्यावाचून विश्वाला गत्यंतर नव्हतं असं मानायला मी तरी तयार नाही.

अ‍ॅन्सेल्मला पहिलं उत्तरसुद्धा एका साधूनंच दिलं होतं, गॉनिलो त्याचं नाव. तो म्हणाला, याच पद्धतीनं मी जगातलं सर्वात उत्तम बेटही सिद्ध करून दाखवतो. तोही देव मानणाराच होता, त्याला फक्त हा पुरावा मान्य नव्हता. पुढं 1781 मध्ये कांट नावाच्या जर्मन तत्त्वज्ञानं नेमकं बोट ठेवलं की असणं हा काही वस्तूचा गुण नव्हे, व्याख्येत कितीही गुण भरले तरी त्यातून वस्तू बाहेर निघत नाही.

'नाही' हे सिद्ध करताच येत नाही म्हणतात, मग नास्तिक तर हरलाच नं?

हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकतो आणि ते सरळ चूक आहे. सर्वात मोठी मूळ संख्या नाही, हे दोन हजारांवर वर्षांपूर्वीच सिद्ध झालेलं आहे. दोनाचं वर्गमूळ कोणत्याही अपूर्णांकात लिहिता येत नाही, हेही सिद्ध. ज्याच्या व्याख्येतच भांडण आहे ते नाही असं घरी बसून सांगता येते. देव काहीही करू शकतो, मग त्याला स्वतःलाही उचलता येणार नाही असा दगड तो बनवू शकतो का, या प्रश्नानं 'अक्षरशः काहीही' करणारा देव अडचणीत येते. बहुतेक विचारवंत मग म्हणतात की सर्वशक्तिमान म्हणजे जे तर्कात बसते ते सगळं करणारा. चालते, पण व्याख्या बदलावी लागली, अन् ती तर्कानं बदलायला लावली.

दुसरा प्रकार पुराव्याचा. आमच्या अभ्यासिकेतली वनरक्षकाची पोरं हे लवकर पकडतात. ब्रह्मपुरी, नागभीडकडं धानाच्या बांधीत वाघ येऊन गेला का हे कसं पाहतात? चिखल ओला आहे, चारही बाजूंनी बांध फिरून पाहिला, पगमार्क नाही, बांधलेली जनावरं शांत आहेत, तर वाघ आला नाही म्हणायला भक्कम आधार आहे, कारण आला असता तर ठसा उमटलाच असता. पण जमीन खडकाळ असेल तर ठसा नसण्यानं काहीच ठरत नाही. म्हणून 'पुरावा नाही' एवढं म्हणून भागत नाही, आधी विचारायचं की असता तर कोणता ठसा दिसला असता?

आता तुमचा देव कोणता ते सांगा. नवस केला की पाऊस पाडणारा असेल तर त्याचा ठसा दिसायला पाहिजे, नवस करणाऱ्या गावात जास्त पाऊस पडायला पाहिजे, अन् तसं दिसत नाही. असा देव नाही असं म्हणायला आधार आहे. पण निर्गुण निराकार, कशातच हात न घालणारा, सगळ्याला व्यापून असणारा असेल तर तो कुठंच ठसा सोडणार नाही, तिथं तर्क थांबते. फक्त मानणाऱ्यानं मग एक प्रामाणिकपणा पाळावा, वादात निर्गुण देव पुढं करायचा अन् घरी येऊन नवसाचा देव चालवायचा असं करू नये.

सिद्ध करायची जबाबदारी कोणाची?

जो दुसऱ्याकडून काही मागते त्याची. तुम्ही घरात बसून मानता, कोणाकडून वर्गणी नाही, कोणावर बंधन नाही, तर तुम्हाला पुरावा मागणारा मी कोण? पण देवाच्या नावावर पैसा, कोंबडा, बाईचं घराबाहेर बसणं यातलं काही मागितलं की पुरावा द्यायची जबाबदारी मागणाऱ्याची. बर्ट्रंड रसेल या इंग्रज तत्त्वज्ञानं 1952 मध्ये लिहिलं होतं की पृथ्वी आणि मंगळाच्या मध्ये एक चहाची किटली फिरते असं मी म्हटलं आणि ती इतकी लहान की दुर्बिणीतून दिसत नाही, तर ती नाही हे तुम्हाला दाखवता येत नाही म्हणून माझं खरं ठरत नाही. बरोबर आहे. पण त्यानं किटली नाही हेही शंभर टक्के सिद्ध होत नाही, रसेललाही ते माहीत होतं.

पऱ्हाटी कमरेएवढी उभी होती, बोंडं फुटली होती, अन् एका रात्रीत गारपिटीनं सगळं नेलं. देव हाय तं हे काहून?

हा प्रश्न तर्काचा कमी अन् जिवाचा जास्त आहे, हे मला माहीत आहे. ज्या घरातला माणूस गेला त्या घरात बसून मी यातलं एक वाक्यही बोलणार नाही. पण विचारलंच आहे तर उत्तर पूर्ण देतो, कारण विदर्भात देवावरचा विश्वास जिथं तुटते तिथं तो बहुतेक याच प्रश्नावर तुटते.

1955 मध्ये मॅकी नावाच्या तत्त्वज्ञानं मांडलं की देव सर्वशक्तिमान आहे, देव पूर्ण चांगला आहे आणि जगात दुःख आहे, ही तीन विधानं एकत्र बसूच शकत नाहीत. ती खरंच बसत नसतील तर प्रश्न तिथंच संपला असता. 1974 मध्ये प्लँटिंगा नावाच्या देव मानणाऱ्या तत्त्वज्ञानं उत्तर दिलं की माणसाला स्वतंत्र इच्छा द्यायची असेल तर वाईट निवडण्याची मोकळीकही द्यावी लागते, देवालाही यातून सुटका नाही, म्हणून ती तीन विधानं एकत्र बसण्याची शक्यता उरते. बहुतेकांनी, नास्तिक तत्त्वज्ञांनीसुद्धा, एवढं मान्य केलं की शुद्ध विसंगती दाखवणं जमलं नाही. म्हणजे दुःख आहे एवढ्यावरून देव नाही हे गणितासारखं सिद्ध होत नाही.

पण हे उत्तर कुठपर्यंत पुरते ते पाहा. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं मेली. त्यात माणसांचा हात आहे, औषध विकणारे, सुरक्षेचं साहित्य न देणारे, दुर्लक्ष करणारे. तिथं स्वतंत्र इच्छेचं उत्तर निदान लागू तरी पडते. गारपिटीत कोणाची इच्छा? 1979 मध्ये विल्यम रो या तत्त्वज्ञानं एक उदाहरण दिलं, जंगलाला आग लागते, हरणाचं पिल्लू भाजते आणि कित्येक दिवस तडफडून मरते, कोणी पाहत नाही, कोणाला त्यातून काही शिकायला मिळत नाही. आमच्याकडं उन्हाळ्याच्या तोंडी मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात अन् कधी कधी ती आग जंगलात शिरते, तेव्हा असं पिल्लू कल्पनेतलं राहत नाही. रो म्हणते, मी देव नाही हे सिद्ध करत नाही, पण एवढं निरर्थक दुःख पाहून देव नसण्याकडं पारडं झुकते. मला हा तर्क आजपर्यंतचा सर्वात जड वाटतो, अन् मी मानणारा असून सांगतो की याला चोख उत्तर मला कुठं वाचायला मिळालं नाही.

आपल्याकडं उत्तर आहे ते कर्माचं. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्राच्या भाष्यात पावसाचाच दाखला दिला, पाऊस सगळ्यांवर सारखा पडते, पण साळीच्या बीजातून साळ येते, जवाच्या बीजातून जव, फरक बीजाचा, पावसाचा नाही, तसं ईश्वर सारखाच, फरक ज्याच्या त्याच्या कर्माचा. मग पहिलं कर्म कुठून आलं? तर संसार अनादि आहे, पहिलं असं काही नाहीच. यात विसंगती नाही, मानलं तर सगळं बसते. पण ज्यानं शेजारच्या शिवारात झड लागलेली अन् आपल्या वावरात दुबार पेरणी पाहिली त्याला 'पाऊस सारखाच पडते' हे पटवणं कठीण आहे. अन् दुसरं, हे उत्तर स्वतःबद्दल बोलावं, दुसऱ्याबद्दल नाही. कर्ज घेऊन नवरा गेलेल्या बाईला कोणी म्हटलं की तुझ्या मागच्या जन्माचं असेल, तर त्यानं तत्त्वज्ञान सांगितलं नाही, त्या बाईला दुसऱ्यांदा मारलं. तिच्या घरातल्या दुःखाची तपासता येणारी कारणं सावकाराच्या वहीत, भावात, पाण्यात आहेत, ती आधी तपासा.

सायन्सनं तर ठरवलं आहे नं, बिग बँग झाला म्हणून?

बिग बँग सांगते की सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय दाट आणि तप्त होतं आणि तेव्हापासून पसरत आहे. ही कल्पना ज्यांनी मांडली त्यातले जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथलिक पाद्री होते. 1951 मध्ये पोपनी भाषणात हे देवाच्या निर्मितीशी जोडलं तर लमेत्रनाच ते आवडलं नाही, त्यांचं म्हणणं हा सिद्धांत देवाच्या प्रश्नाबाहेर राहते. देव मानणारा पाद्री म्हणते याचा पुरावा करू नका, अन् आपण मात्र एकीकडून बिग बँगनं देव संपला आणि दुसरीकडून बिग बँगनं देव सापडला असे दोन्ही मेसेज पुढं ढकलतो.

मानून टाकलं तर बिघडते काय? असन तं फायदा, नसन तं नुकसान नाही.

हेच सतराव्या शतकात पास्कल नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं मांडलं, त्याला पास्कलची पैज म्हणतात. पहिली अडचण, पैज दोन खान्यांची नाही. कोणता देव? एक म्हणते दुसऱ्याला मानलं तर नरक, दुसरा म्हणते पहिल्याला मानलं तर नरक. कदाचित असाही देव असेल ज्याला फायद्यासाठी मानणारा माणूस अजिबात आवडत नाही.

अन् नुकसान नाही हे तर बिलकुल खोटं. पावसाळ्यात घरात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, दुखत नाही, सूज येत नाही, म्हणून घरचे म्हणतात आधी मांत्रिकाकडं दाखवू, गेलं तर गेलं काय. तोपर्यंत पापण्या जड होतात, जीभ अडखळते, मग श्वास. प्रतिविष दवाखान्यात आहे, मांत्रिकाकडं नाही. बिनविषारी साप चावलेला माणूस तसाही बरा होते अन् त्याचं श्रेय मांत्रिकाला जाते, म्हणून त्याची दुकानदारी चालते. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचारापासून अडवून मंत्र-तंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. हे पाठ करून ठेवा, परीक्षेलाही येते.

देव माझ्या नवसाले पावला, मले अनुभव आला. आता तुमचं लॉजिक काय म्हणते?

तुमचा अनुभव मी खोटा म्हणणार नाही. पण तो तुमच्यासाठी जेवढा भक्कम आहे तेवढा माझ्यासाठी नाही, कारण मला तो फक्त तुमच्या सांगण्यातून कळला.

नवसाचं मात्र मोजून पाहता येते. देवळात पाळणे बांधलेले दिसतात, घंटा टांगलेल्या दिसतात, प्रत्येक पाळणा म्हणजे झालेलं लेकरू. ज्यांना झालं नाही त्यांचा पाळणा कुठं आहे? त्या बाया परत फिरकल्याच नाहीत, कोणी मोजलंच नाही त्यांना. ही शंका फार जुनी आहे, डायगोरस नावाच्या ग्रीक नास्तिकाला वादळातून वाचलेल्यांची देवळातली चित्रं दाखवली तर त्यानं विचारलं होतं की बुडाले त्यांची चित्रं कुठं आहेत. यानं देव नाही असं ठरत नाही, पाळणे हा पुरावा नव्हे एवढं मात्र ठरते.

मग अंनिसवाले देव नाही म्हणतात तेच खरं नं?

त्यांचं म्हणणं आधी नीट वाचा. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः नास्तिक होते, पण त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची (अंनिसची) भूमिका देवा-धर्माला विरोध नाही, शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला विरोध अशीच राहिली. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वर सांगितलेला जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. त्या कायद्यात देव आहे किंवा नाही असं एक वाक्य नाही. तपासता येणारी गोष्ट तपासायची, बुवा म्हणते माझ्या अंगाऱ्यानं लेकरू होते, तर तपासू. तर्काचं सर्वात नेमकं काम इथंच आहे अन् इथं तो हरत नाही.

गाडगेबाबा आस्तिक का नास्तिक?

हा प्रश्न अमरावतीकडच्या पोरांचा ठरलेला. कीर्तन करणारा माणूस, ओठावर देवाचं नाव, अन् त्याच कीर्तनात समोरच्या माणसाला प्रश्न विचारून विचारून नवस, कोंबडं-बकरं, कर्ज काढून तीर्थ हे सगळं त्याच्याच तोंडून मोडून काढायचं. पुरावा दिला नाही अन् खंडनही केलं नाही, प्रश्न विचारत गेले. पंढरपूरची आपली धर्मशाळेची इमारत त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षण संस्थेला दिली. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा घेतली, लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यातली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही अशी. 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि 20 डिसेंबरला गाडगेबाबा. एक कीर्तनकार, एक देव नाकारणारा, अन् पोरांच्या शाळेवर, दारूवर, अस्वच्छतेवर दोघांत वाद नव्हता. याच अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर महानुभावांचं, मोझरी तुकडोजी महाराजांची, एकाच तालुका बाजारात चार तऱ्हेची उत्तरं घेऊन माणसं कांदे विकत घेतात.

सर, तुम्ही स्वतः मानता का?

मानतो. सामुदायिक प्रार्थनेला बसतो, मागत काही नाही. चांगुलपणा हा नुसता अपघात नसावा, हे माझं गृहीतक आहे, ते मला तर्कानं मिळालेलं नाही, अन् त्याची किंमत मला माहीत आहे, की वरच्या हरणाच्या पिल्लाचं उत्तर माझ्याकडं नाही. माझा एक जुना विद्यार्थी न मानणारा आहे, त्याच्याकडं त्या पिल्लाचं उत्तर आहे, पण चांगुलपणा कोणालाही बांधील का असावा यावर त्याला फार मेहनत घ्यावी लागते, अन् तो ती घेते. दोघंही आपापली बाकी लपवत नाही, म्हणून आमचं बोलणं होते.

पोरगा बारावीत गेल्यापासून देवाले हात जोडत नाही, बाप रोज भांडते. काय करू?

माय, आधी भांडण देवावर आहे का हात जोडण्यावर ते पाहा. बहुतेक वेळा बापाला वाटते पोरगं आपला मान ठेवत नाही. पोराला सांगा, मोठ्यांच्या पाया पडायला देव मानावा लागत नाही. बापाला सांगा, जबरदस्तीनं जोडलेले हात देवाला तरी कशाला पाहिजे. अन् एखाद्या दिवशी जेवणं झाल्यावर दोघांना समोरासमोर बसवून दोनच प्रश्न विचारायला लावा. पोरानं बापाला विचारायचं, बाबा, तुमचा देव काय काय करते? बापानं पोराला विचारायचं, काय दिसलं असतं तर तू मानलं असतं? एकाचं बोलणं पूर्ण होईपर्यंत दुसऱ्यानं बोलायचं नाही. जमलं नाही तर दोघांना अभ्यासिकेत पाठवा, रविवारी दुपारी मी असतो.